व्हिएतनाम: वाचवलेल्या विजेचा हिशेब

मे 2023 मध्ये व्हिएतनामच्या न्गे आन प्रांतात पारा 44.2 अंश सेल्सियसवर पोहोचला आणि त्या देशातील तापमानाचा आजवरचा उच्चांक नोंदला गेला. पाऊस लांबला होता. उत्तरेकडील सोन ला, लाय चाऊ यांसारख्या मोठ्या जलविद्युत प्रकल्पांचे जलाशय मृतसाठ्याच्या पातळीपर्यंत किंवा तिच्या अगदी जवळ उतरले. त्याच सुमारास पंखे आणि वातानुकूलन यंत्रे अहोरात्र चालू होती. जून उजाडला तेव्हा राजधानी हनोईत रस्त्यांवरील दिवे निम्मे करण्यात आले होते, मोहल्ले आळीपाळीने अंधारात जात होते आणि बाक निन्ह व बाक जियांग या औद्योगिक प्रांतांत, जिथे जगातील नामवंत कंपन्यांचे मोबाइल आणि संगणकाचे भाग तयार होतात, तिथे कारखान्यांना ऐन वेळी वीज बंद झाल्याचा निरोप मिळत होता. या काही आठवड्यांच्या भारनियमनाची किंमत जागतिक बँकेने सुमारे 1.4 अब्ज डॉलर, म्हणजे देशाच्या सकल उत्पन्नाच्या 0.3 टक्के, अशी काढली.

विशेष म्हणजे त्याच दिवसांत दक्षिण व्हिएतनामात वीज पुरेशी होती. 2018 पर्यंत जवळजवळ नगण्य असलेली सौरऊर्जेची क्षमता सरकारी खरेदीदराच्या आकर्षणाने 2020 अखेरीस 16,000 मेगावॉटच्या पुढे गेली होती आणि तिचा मोठा वाटा मध्य व दक्षिण भागात होता. परंतु ती वीज उत्तरेत नेण्यास वाहिन्या अपुऱ्या होत्या आणि सूर्य मावळल्यावर तिचा उपयोगही नव्हता. सरकारने त्यानंतर क्वांग त्राच ते फो नोई ही 519 किलोमीटरची 500 केव्ही वाहिनी विलक्षण वेगाने बांधून ऑगस्ट 2024 मध्ये कार्यान्वित केली. तिचे कौतुक झाले, ते योग्यही होते. मात्र जून 2023 मध्ये, वाहिनी उभी राहण्याच्या कितीतरी आधी, पंतप्रधानांनी काढलेला आदेश वेगळ्या दिशेचा होता. 2023 ते 2025 या काळात देशाने दरवर्षी एकूण वीजवापराच्या किमान 2 टक्के वीज वाचवावी, असे त्यात म्हटले होते. त्या वर्षीचा वापर 280 अब्ज युनिटच्या आसपास धरला, तर ही बचत साडेपाच अब्ज युनिटहून अधिक भरते. एखाद्या मध्यम आकाराच्या औष्णिक केंद्राचे हे वर्षभराचे काम आहे.

ऊर्जा कार्यक्षमता हा विषय व्हिएतनाममध्ये संकटातून जन्मला असे मात्र नाही. त्याची मुळे त्या देशाच्या विद्युतीकरणाच्या विलक्षण कथेत आहेत. 1986 मध्ये ‘दोई मोई’ या नावाने आर्थिक सुधारणा सुरू झाल्या तेव्हा ग्रामीण भाग बहुतांशी अंधारात होता. 1990 मध्ये संपूर्ण देशाची वीजनिर्मिती जेमतेम 9 अब्ज युनिट होती. तीन दशकांत ती तीसपटीवर गेली आणि 99 टक्क्यांहून अधिक घरांत वीज पोहोचली. विकसनशील देशांत इतक्या कमी काळात इतके काम क्वचितच झाले असेल. याच काळात वीजजाळ्यातील गळतीही घटली. 1990 च्या दशकाच्या मध्यास निर्माण झालेल्या विजेपैकी पाचवा हिस्सा वाटेतच नाहीसा होत असे. आज हे प्रमाण 6 ते 7 टक्क्यांवर आहे. बचतीच्या चर्चेत या आकड्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, कारण त्याला ना जाहिरात आहे ना लेबल. वस्तुतः त्या देशाची सर्वांत मोठी वीजबचत हीच मानावी लागेल. जुनी रोहित्रे बदलणे, गावोगावच्या सहकारी संस्थांनी बांधलेल्या कच्च्या तारा काढून वीज मंडळाच्या ताब्यात जाळे आणणे, मीटर बसवणे अशा नीरस कामांतून ती झाली.

अडचण पुढे आली ती वापराच्या टोकाला. एक डॉलरचे उत्पन्न काढण्यासाठी व्हिएतनामला थायलंड वा मलेशियापेक्षा अधिक ऊर्जा लागते. याचे एक कारण अर्थव्यवस्थेच्या ठेवणीत आहे. पोलाद, सिमेंट, कागद, कापड, विटा, मत्स्यप्रक्रिया हे उद्योग ऊर्जा खाणारेच आहेत आणि देशातील निम्म्याहून अधिक वीज उद्योगांकडे जाते. दुसरे कारण जुनी यंत्रे आणि तिसरे, ज्याबद्दल पुढे सविस्तर पाहावे लागेल, ते विजेचे दर.

कायद्याची चौकट बऱ्यापैकी लवकर उभी राहिली. 2006 मध्ये राष्ट्रीय ऊर्जाबचत कार्यक्रम सुरू झाला. जून 2010 मध्ये राष्ट्रीय सभेने ऊर्जेच्या काटकसरीच्या व कार्यक्षम वापराचा कायदा संमत केला आणि 1 जानेवारी 2011 पासून तो लागू झाला. वर्षाला 1,000 टन तेलाइतकी किंवा त्याहून अधिक ऊर्जा वापरणारे कारखाने आणि 500 टनांहून अधिक वापरणाऱ्या इमारती या कायद्याने ‘निर्देशित ग्राहक’ ठरतात. त्यांनी प्रशिक्षित ऊर्जा व्यवस्थापक नेमायचा, दर तीन वर्षांनी ऊर्जा लेखापरीक्षण करून घ्यायचे, वार्षिक व पंचवार्षिक आराखडा सादर करायचा. अशा ग्राहकांची यादी सरकार दरवर्षी प्रसिद्ध करते आणि ती तीन हजारांच्या पुढे गेली आहे. भारतीय वाचकाला हे ओळखीचे वाटेल. आपला ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा आहे आणि ऊर्जा लेखापरीक्षण, ऊर्जा व्यवस्थापक, तारांकित लेबल या संकल्पना त्यातही आहेत. फरक असा की भारताने 2012 पासून मोठ्या कारखान्यांना बचतीचे उद्दिष्ट देऊन, जास्तीची बचत प्रमाणपत्राच्या रूपाने विकण्याची मुभा दिली. व्हिएतनामने अशी बाजारपेठ न काढता पोलाद, कागद, बिअर व शीतपेये, मत्स्यप्रक्रिया अशा उद्योगांसाठी प्रति नग वा प्रति टन ऊर्जावापराची कमाल मर्यादा ठरवून दिली.

कागदावर हे सारे नीटनेटके आहे. प्रत्यक्षात लेखापरीक्षणाचे अहवाल तयार होत राहिले आणि कपाटांत जात राहिले. दंडाची रक्कम मोठ्या कारखान्याच्या दृष्टीने किरकोळ होती. प्रांतिक उद्योग खात्यांत तपासणीस जाणारी माणसे मोजकी. अहवालात सुचवलेले उपाय करायलाच हवेत, असे बंधनही नव्हते. परीक्षण करणाऱ्याने बॉयलरच्या धुराड्यातून किती उष्णता वाया जाते हे सांगायचे, मालकाने मान डोलवायची आणि पुढील तीन वर्षांनी तेच पुन्हा वाचायचे. सरकारी हिशेबाप्रमाणे 2006 ते 2010 या काळात 3.4 टक्के आणि 2011 ते 2015 या काळात 5.65 टक्के ऊर्जा वाचली. 2019 मध्ये आखलेल्या तिसऱ्या टप्प्यात 2030 पर्यंत 8 ते 10 टक्के बचतीचे उद्दिष्ट आहे. अशा आकड्यांत ‘अन्यथा जेवढी लागली असती’ त्या काल्पनिक वापराशी तुलना असते, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावेत.

कायद्याच्या बाहेर, त्याच्याही आधीपासून, बचत कुठे मुरली हे पाहण्यासाठी हनोईजवळच्या बाट ट्रांग या कुंभारांच्या गावाकडे वळावे लागते. लाल नदीच्या काठावरील हे गाव शतकानुशतके चिनीमातीची भांडी घडवत आले आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तिथल्या भट्ट्या दगडी कोळशावर चालत. कोळशाची भुकटी मातीत कालवून तिच्या चकत्या घराच्या भिंतींवर, गोवऱ्या थापाव्यात तशा, वाळत घालण्याची रीत होती. गल्ल्यांतून चालताना दोन्ही बाजूंच्या भिंती काळ्या दिसत आणि भट्टी पेटली की धूर गावावर बसे. पुढे गॅसच्या भट्ट्या आल्या. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने लहान व मध्यम उद्योगांसाठी 2006 पासून राबवलेल्या प्रकल्पात चिनीमातीची भांडी, विटा, कापड, कागद आणि अन्नप्रक्रिया हे पाच उद्योग निवडले होते. गॅसच्या भट्टीचा प्रसार त्यामुळे वाढला.

कुंभाराने नवी भट्टी का घेतली, हा प्रश्न इथे महत्त्वाचा आहे. इंधन कमी लागते हे खरे, पण गॅस कोळशापेक्षा महाग. निर्णायक ठरली ती मालाची प्रत. कोळशाच्या भट्टीत उष्णता एका कोपऱ्यात जास्त, दुसऱ्यात कमी. भट्टी उघडेपर्यंत आत काय झाले ते कळत नसे आणि बराच माल तडकलेला, वाकडा वा डागाळलेला निघे. गॅसच्या भट्टीत तापमान हाताशी आले, भाजणीचा वेळ घटला, वाया जाणारा माल कमी झाला आणि निर्यातीला चालेल असा एकसारखा रंग मिळू लागला. ऊर्जेची बचत या सौद्यात जणू वरकडीवर आली. ऊर्जातज्ज्ञ कारखानदाराला युनिट आणि टनांचे कोष्टक दाखवतात, तेव्हा ते बहुधा चुकीचे कोष्टक दाखवत असतात.

दुसरे उदाहरण शेतीचे आहे आणि तेही तितकेच बोलके. दक्षिणेतील बिन्ह थुआन हा प्रांत (जुलै 2025 च्या पुनर्रचनेनंतर तो लाम डोंगमध्ये विलीन झाला) ड्रॅगन फ्रूटसाठी प्रसिद्ध. सांगली-सोलापूरच्या कमी पावसाच्या पट्ट्यात ज्याच्या बागा आता रस्त्यालगत दिसतात, तेच हे निवडुंगाच्या कुळातील फळ. ही वनस्पती दीर्घदिनी आहे, म्हणजे दिवस मोठा असला की तिला फुले येतात. व्हिएतनाममध्ये एप्रिल ते सप्टेंबर हा तिचा नैसर्गिक हंगाम. त्या काळात फळ मुबलक आणि भाव पडलेला. हिवाळ्यात फळ काढता आले तर भाव चांगला मिळतो. शेतकऱ्यांनी यावर युक्ती शोधली. ऑक्टोबरनंतर बागेत वेलाच्या खांबांमध्ये विजेचे दिवे टांगायचे आणि रात्री काही तास ते लावायचे. लांब रात्र मध्येच तुटते, झाडाला उन्हाळ्याचा भास होतो आणि दोन-तीन आठवड्यांत कळ्या धरतात. रात्री विमानातून पाहिल्यास हा भाग एखाद्या झगमगत्या शहरासारखा दिसतो.

हे दिवे सुरुवातीला 60 वॉटचे साधे पिवळे बल्ब होते. एका हेक्टरात हजार दिवे लागले तर 60 किलोवॉटचा भार आणि तोही संध्याकाळनंतर, जेव्हा सारा देश दिवे आणि चुली पेटवत असतो. बागा वाढल्या तशी गावाची रोहित्रे जळू लागली. उपाय उघड होता, तो म्हणजे 20 वॉटचा सीएफएल. त्याने भार एक तृतीयांशावर येतो. तरीही शेतकरी लगेच तयार झाले नाहीत आणि त्यांच्या शंकेत तथ्य होते. झाडाला फूल धरण्यासाठी प्रकाशाचा लाल भाग लागतो. पिवळ्या बल्बच्या उजेडात तो भरपूर असतो, पांढऱ्या सीएफएलमध्ये कमी. घरात चालणारा दिवा बागेत चालेलच असे नाही. कळ्या कमी आल्या तर एका मोसमाचे उत्पन्न बुडणार आणि विजेची बचत त्यापुढे चिल्लर. 1961 मध्ये हनोईत स्थापन झालेल्या रांग डोंग या दिव्यांच्या कारखान्याने मग शेतकी संशोधकांच्या साहाय्याने लाल प्रकाश अधिक असलेले, खास या पिकासाठीचे दिवे काढले. शेतकऱ्यांच्याच बागेत एका बाजूला जुने आणि दुसऱ्या बाजूला नवे दिवे लावून कळ्या मोजून दाखवण्यात आल्या. त्यानंतर बदल वेगाने झाला. पुढे 10 वॉटच्या आतबाहेरचे एलईडी आले आणि भार आणखी निम्म्यावर आला. दा लातच्या शेवंतीच्या शेडमध्येही, तिथे फूल लवकर यावे म्हणून नव्हे तर उशिरा यावे म्हणून रात्री दिवे लावतात, हाच प्रवास घडला.

सरकारने या बदलाला कायद्याचीही जोड दिली. 1 जानेवारी 2013 पासून 60 वॉटहून अधिक क्षमतेच्या साध्या बल्बच्या उत्पादनावर, आयातीवर आणि विक्रीवर बंदी आली. त्याच वर्षी घरगुती उपकरणांवर ऊर्जा लेबल सक्तीचे झाले. एक ते पाच तारे, अधिक तारे म्हणजे अधिक कार्यक्षम. पंखा, फ्रिज, धुलाई यंत्र, वातानुकूलन यंत्र यांच्याबरोबर त्या यादीत भात शिजवण्याच्या विजेच्या भांड्यालाही स्थान मिळाले. जिथे दोन्ही वेळा भात शिजतो, तिथे ही नोंद आवश्यकच होती. भारताने उजाला योजनेत सरकारी संस्थेमार्फत घाऊक खरेदी करून एलईडीची किंमत खाली आणली. व्हिएतनामने तो मार्ग न धरता देशी कारखाना आणि लेबल यांवर भिस्त ठेवली. परिणाम दोन्हीकडे सारखाच दिसतो, दिव्यांच्या बाबतीत जुने तंत्र जवळपास संपले.

वातानुकूलनाच्या बाबतीत मात्र लेबल पुरे पडत नाही, कारण तिथे प्रश्न यंत्राचा आहे त्याहून अधिक घराचा आहे. हनोईच्या जुन्या पेठेतील घरे ‘नळीघरे’ म्हणून ओळखली जातात. दर्शनी भाग तीन-चार मीटरचा आणि खोली मात्र कित्येक पटींनी अधिक. जुन्या नळीघरांत मध्ये एक-दोन उघडे चौक असत. गोमंतकीय घरांतील राजांगणाशी नाते सांगणारी ही रचना. त्यातून वारा खेळे, उजेड येई आणि पाऊस पडे. नव्या बांधणीत जमिनीच्या किमतीमुळे हे चौक बुजले, पुढच्या बाजूस काच आली आणि प्रत्येक खोलीला स्वतंत्र यंत्र लागले. इमारतींच्या ऊर्जा कार्यक्षमतेची तांत्रिक संहिता 2013 आणि 2017 मध्ये सुधारली गेली. भिंत, छप्पर आणि काच यांतून किती उष्णता आत यावी याच्या मर्यादा तिने घातल्या आहेत. पण ती 2,500 चौरस मीटर वा त्याहून मोठ्या इमारतींनाच लागू आहे. नळीघर तिच्या कक्षेत येतच नाही. उन्हाळ्याच्या रात्रीची वाढती मागणी तर याच घरांतून येते.

आता दरांविषयी. व्हिएतनाम वीज महामंडळ, म्हणजे ईव्हीएन, ही सरकारी कंपनी आहे आणि विजेचा सरासरी दर सरकार ठरवते. मार्च 2019 ते मे 2023 अशी चार वर्षे तो प्रति युनिट 1,864.44 डोंगवर गोठलेला होता. त्या काळात कोळसा आणि गॅस यांचे जागतिक भाव भडकले. 2022 मध्ये कंपनीला 20,000 अब्ज डोंगांहून अधिक तोटा झाला. त्यानंतर टप्प्याटप्प्याने वाढ होऊन मे 2025 मध्ये सरासरी दर 2,204.07 डोंगवर आला, म्हणजे भारतीय चलनात साधारण सव्वासात रुपये. कारखान्यांचा दर या सरासरीच्याही खाली राहत आला आहे आणि त्याची भरपाई व्यापारी ग्राहक व अधिक वापर करणारी घरे करतात. परकी गुंतवणूक खेचण्यासाठी स्वस्त वीज हे त्या देशाचे एक आमिष आहे. म्हणजे एका हाताने कारखान्याला बचतीचा आराखडा मागायचा आणि दुसऱ्या हाताने बचत करण्याचे कारणच काढून घ्यायचे. जुनी मोटर बदलून नवी बसवण्याचा खर्च वाचलेल्या विजेतून किती वर्षांत फिटतो, हे गणित दरावर अवलंबून असते. दर कमी असला की दोन वर्षांची परतफेड चार वर्षांवर जाते आणि मालक ती रक्कम नव्या शेडमध्ये घालतो.

अर्थात दर वाढवणे सोपे नाही. महागाईची धास्ती सरकारला आहे आणि घरगुती ग्राहकांत अल्प वापर करणारी कुटुंबेही बरीच आहेत. त्यातल्या त्यात वेळेनुसार दराची पद्धत उपयोगी पडली. मोठ्या ग्राहकांना बराच काळ सकाळी साडेनऊ ते साडेअकरा आणि सायंकाळी पाच ते आठ या वेळेत महाग, तर रात्री दहा ते पहाटे चार या वेळेत स्वस्त वीज मिळत असे. बर्फाचे कारखाने, पाणीपुरवठ्याचे पंप, पोलाद वितळवण्याच्या भट्ट्या यांनी त्यामुळे रात्रपाळी धरली. याने एकूण वीज वाचतेच असे नाही, पण शिखरमागणी उतरते. सौरऊर्जा वाढल्यावर मात्र सकाळचे साडेनऊ ही वेळ महाग ठेवण्यात अर्थ उरला नाही.

उरतो पैशाचा प्रश्न. लहान कारखानदार बँकेत गेला की बँक जमिनीचे कागद मागते. नव्या बॉयलरमुळे पुढील पाच वर्षांत वाचणारा कोळसा तारण म्हणून चालत नाही. जागतिक बँकेने 2017 मध्ये औद्योगिक ऊर्जाबचतीसाठी 10 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले, ते व्हिएतनामी बँकांमार्फत वाटायचे होते. पाठोपाठ ग्रीन क्लायमेट फंडाकडून 8.63 कोटी डॉलरचे साहाय्य ठरले आणि त्यातील 7.5 कोटी थेट कर्ज नसून बँकांना द्यायच्या हमीसाठी आहेत. कर्ज बुडाल्यास काही भाग हमीतून भरून निघेल, तेव्हा बँकेने जमिनीऐवजी प्रकल्प पाहावा, अशी कल्पना. ऊर्जा सेवा कंपन्या, म्हणजे स्वतःच्या खर्चाने यंत्रे बसवून बचतीतून वाटा घेणाऱ्या संस्था, यांनाही यातून बळ मिळणे अपेक्षित आहे. बचत मोजायची कशी आणि वाद झाल्यास कोणाचे मोजमाप खरे, या प्रश्नांवर असे करार आजवर अडत आले.

दबाव आता बाहेरूनही येत आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये ग्लासगो परिषदेत पंतप्रधान फाम मिन्ह चिन्ह यांनी 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन दिले. डिसेंबर 2022 मध्ये श्रीमंत देशांच्या गटाशी 15.5 अब्ज डॉलरचा ऊर्जासंक्रमण करार झाला. युरोपीय संघाचा सीमेवरील कार्बन कर जानेवारी 2026 पासून प्रत्यक्ष आकारणीच्या टप्प्यात आला असून पोलाद व सिमेंट त्याच्या यादीत आहेत. कपड्यांचे परदेशी खरेदीदार शिलाई कारखान्याकडून बॉयलरच्या इंधनाचा तपशील मागू लागले आहेत. सरकारी निरीक्षकाला ‘अहवाल पाठवतो’ सांगून परतवता येते, खरेदीदाराला नाही.

जून 2025 मध्ये राष्ट्रीय सभेने 2010 च्या कायद्यात दुरुस्ती केली आणि ती 1 जानेवारी 2026 पासून लागू झाली. बांधकाम साहित्यालाही ऊर्जा लेबल, ऊर्जा सेवा कंपन्यांना कायदेशीर स्थान आणि बचतीला चालना देणाऱ्या निधीची तरतूद या तिच्यातील ठळक बाबी आहेत. काचेला आणि विटेला लेबल लागले तर 2,500 चौरस मीटरच्या मर्यादेबाहेर राहिलेल्या नळीघरापर्यंत कायदा प्रथमच, आडवाटेने का होईना, पोहोचेल. निधीत पैसा कुठून येणार आणि प्रांतांतील तपासणीसांची संख्या वाढणार का, हे येत्या काही उन्हाळ्यांत दिसेल.